आखडलेली भेग

आमच्या तळमजल्यावरच्या काकांना अख्खी इमारत भेगोबा म्हणते. नाव मी ठेवलंय. काकूंना ते ठाऊक आहे, म्हणून गेली नऊ वर्षं त्या मला 'टवाळ' म्हणतात. म्हणजे फिटंफाट. पण गेल्या वर्षीच्या एका बुधवारी दुपारी जे झालं, त्यानंतर ते नाव घेताना माझीच जीभ अडखळते. त्या दुपारची गोष्ट सांगायची तर आधी माणूस सांगायला हवा, कारण माणूस असा नसता तर गोष्ट अशी घडलीच नसती.

काकांनी तेहतीस वर्षं एका तपासणी कार्यालयात फोटोग्राफर म्हणून नोकरी केली. फोटोग्राफर म्हटलं की लोकांना नवरा-नवरी आठवतात. यांनी उभ्या आयुष्यात हसणाऱ्या माणसाचा फोटो काढला नाही. पुलाचा खांब, पाण्याची टाकी, बोगद्याचं छत, जिथे तडा जाईल तिथे हे जायचे. जमिनीवर रंगाने तीन ठिपके करायचे, त्यावर कॅमेऱ्याच्या तिकाटण्याचे तीन पाय ठेवायचे आणि तड्याचा फोटो काढायचा. पुढच्या महिन्यात तेच ठिपके, तोच तडा. मग साहेब दोन फोटो एकमेकांवर ठेवून बघणार, की वाढला का.

अशा नोकरीत काही माणसं निर्ढावतात. काका उलट झाले. लिफ्टला भितात, शिडीला भितात, कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला भितात. कुत्र्यांत लहान कुत्र्याला जास्त भितात. म्हणतात, "मोठं कुत्रं निदान विचार करून चावतं." हॉटेलात गेले की आधी छत बघणार, मग खुर्ची. काकूंच्या माहेरी पहिल्यांदा गेले तेव्हा म्हणे पूर्ण वेळ मान वर. काकू सांगतात, "मला वाटलं लाजतोय बिचारा. नंतर कळलं, तुळई बघत होता."

त्यांच्याजवळ एक जुनी लेन्स आहे. कार्यालयाने नव्या झूम लेन्सा घेतल्या तेव्हा जुनं सामान मोडीत काढलं, त्यातून काकांनी ही मागून घेतली. मुठीएवढी, नुसतं पितळ आणि काच. जिथे बोटं लागतात तिथला काळा रंग उडून पिवळं पितळ दिसतं. पन्नास मिलिमीटर म्हणजे पन्नासच. मोठं दिसायला हवं तर आपण पुढे चालत जायचं, लहान हवं तर मागे सरायचं. ती बापडी जागची हलत नाही.

मी त्यांना चिडवायचो. माझ्याकडे प्रवासाला घेतलेला झूमवाला कॅमेरा आहे. खुर्चीवरून न उठता समोरच्या गच्चीवरच्या दोरीवरचे चिमटे मोजता येतात.

"काका, जग कुठे गेलं आणि तुम्ही अजून पायाने झूम करताय!"

"तुझ्या लेन्सला अक्कल आहे," ते म्हणायचे. "हिला नाही. हाच हिचा गुण. अक्कल असली की माणूस मनाचं घालतो."

आता भेगेकडे येतो.

आमच्या इमारतीला तळघरात पार्किंग आहे. त्याच्या छताला, म्हणजेच काकांच्या बैठकीच्या खोलीच्या जमिनीला, खालच्या बाजूने एक भेग गेली होती. हातभर लांब, केसाएवढी बारीक. त्या बुधवारच्या पावणेचार वर्षं आधी इमारतीच्या चिटणीसांनी एक इंजिनिअरबाई आणल्या होत्या. त्यांनी टॉर्च मारून बघितलं आणि सांगितलं, "सध्या वरवरची दिसतेय. नजर ठेवा. वाढली तर त्याच दिवशी फोन करा." चिटणीसांनी काकांकडे बघितलं, काका आधीच वर बघत होते, आणि काम त्यांच्याकडे आलं.

या बैठकीच्या खोलीत काकूंचं पाळणाघर चालतं. अकरा पोरं, दीड ते साडेचार वर्षांची. त्यांतलं एक आमचं शेंडेफळ. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती झोपेतसुद्धा फिरते.

इंजिनिअरबाई येऊन गेल्या तेव्हापासून महिन्याचा पहिला बुधवार भेगेचा. माझी सुट्टी बुधवारची, म्हणून दिवा धरायला मी. काका तीन ठिपक्यांवर तिकाटणं ठेवायचे, कॅमेरा सरळ वर छताकडे करायचे, मान मागे टाकून डोळा लावायचे आणि ती पितळी लेन्स केसाकेसाने फिरवून भेग स्पष्ट करायचे. घरी जाऊन फोटो छापायचा. पहिल्या फोटोवरची भेग त्यांनी पारदर्शक कागदावर उतरवून घेतली होती, दोन्ही टोकांना लाल ठिपके देऊन. तो कागद नव्या फोटोवर ठेवायचा. रेघेवर रेघ बसली की काकांचा तो महिना सुटला.

एकदा मी विचारलं होतं, "काका, भेगेशेजारी सरळ एक पट्टीच चिकटवा ना. मोजता येईल."

"त्यासाठी शिडीवर चढावं लागेल," ते म्हणाले. विषय संपला. चढायला मीही पुढे झालो नाही, हेही लिहून ठेवतो.

सव्वातीन वर्षं असं चाललं. मग काकांची मान गेली. मणक्याचा त्रास, गळ्यात पट्टा, डॉक्टरांचं फर्मान: मान मागे टाकायची नाही. त्यांच्या मुलीने, ती दूरच्या शहरात असते, वाढदिवसाला नवी झूम लेन्स पाठवली. चोवीसपासून शंभराच्या पुढे. स्वतःची स्वतः स्पष्ट होणारी. बाजूच्या पडद्यावर सगळं दिसणारी. मान वाकवायला नको. फोनवर ती म्हणाली, "बाबा, कडं पन्नासच्या रेघेवर लावा. तुमची पन्नास आणि हिची पन्नास एकच."

काकांनी दोन दिवस ती लेन्स मांडीवर घेऊन नुसतं बघितलं. कडं फिरवलं की नळी लांब व्हायची, उलटं फिरवलं की आत जायची. "आवाज करत नाही," ते संशयाने म्हणाले. पण मानेपुढे इलाज नव्हता.

पहिल्या महिन्यात रेघेवर रेघ बसली. दुसऱ्या महिन्यात बसली. तिसऱ्याही. आणि काकांत बदल व्हायला लागला. स्वच्छ फोटो, ताठ मान, भेग जिथल्या तिथे. तेहतीस वर्षांत या माणसाने कुठल्याच बांधकामाला 'ठीक आहे' म्हटलं नव्हतं. ते एके दिवशी जेवता जेवता काकूंना म्हणाले, "आपली भेग ठीक आहे."

काकूंच्या हातातला घास हातातच राहिला, असं त्याच सांगतात. दुसऱ्याच दिवशी त्यांनी बैठकीची खोली नव्याने लावली. साडेतीन वर्षं भेगेजवळचा, भिंतीकडचा भाग 'तिकडे नको गं, तिकडे नको' म्हणून रिकामा होता. तिथे आता पुस्तकांचं आणि खेळण्यांचं लोखंडी कपाट गेलं, पोरांच्या गाद्या गेल्या आणि एक उड्यांचा कोपरा झाला. झोप झाली की पोरं साडेतीन ते चार तिथे गाण्यावर उड्या मारायची. कपाटाला खांदा मीच दिला होता. "काका बरे झाले," मी काकूंना म्हटलं होतं. "आता तुम्हाला करमणार कसं?"

पाचव्या महिन्याचा पहिला बुधवार. सकाळी अकराला फोटो काढून आम्ही वर आलो होतो. मी घरी जेवून लवंडलो होतो. अडीचच्या सुमाराला दार वाजलं. काका. एका हातात फोटो, दुसऱ्या हातात पारदर्शक कागद, आणि तोंडावर चक्क हसू.

"बघ. आखडली."

"काय?"

"भेग! चारपाच केस कमी भरतेय. दोन्ही टोकं ठिपक्यांच्या आत आली बघ."

मी बघितलं. खरंच आत आली होती. माझा स्वभाव तुम्हाला आता ठाऊक झाला आहे. मी म्हटलं, "वा! छताला मलम लावलंत की काय? की काकूंनी हळद बांधली? जखम भरली म्हणायची. खपली कधी पडते बघा!"

काका हसले. मग हसता हसता थांबले. हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे मात्र दुसरीकडे गेले.

"भरत नाही," ते म्हणाले.

"काय भरत नाही?"

"भेग. आखडत नाही कधी अशी. तेहतीस वर्षांत एकदाही..." त्या माणसाला घाबरलेलं मी हजारदा बघितलं असलं तरी हे तसं नव्हतं. नेहमी ते घाबरले की बोलत सुटतात. आता ते कॅमेरा आणायला वळले.

आम्ही तळघरात गेलो. पायऱ्यांवर त्यांनी कठडा धरला नाही. तिकाटणं तीन ठिपक्यांवर ठेवलं, नवी लेन्स लावली, कडं पन्नासच्या रेघेवर आणलं, कॅमेरा वर केला. दहा सेकंदांनी आपोआप फोटो निघेल असं बटण दाबलं. हात लागून कॅमेरा हलू नये म्हणून आम्ही दर वेळी तसंच करायचो, आणि ती दहा सेकंदं मी भेगेवर दिवा धरायचो, काका हातातल्या घड्याळावर सेकंद मोजायचे. लेन्सकडे कुणीच बघत नव्हतं.

"दिवा इकडे धर. लेन्सवर."

मी धरला. लेन्सची नळी आत चालली होती. कुणी हात न लावता. आपल्याच वजनाने, गोगलगाय कवचात शिरावी तशी, हळूहळू. कडं बरोबर फिरत होतं. अठ्ठेचाळीस. पंचेचाळीस. बेचाळीस. चाळीसपाशी पोचलं तेव्हा कॅमेऱ्याने खट् केलं.

मला अजून कळलं नव्हतं. काका स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "चाळीसवर सगळं लहान दिसतं. सुरुवातीला घट्ट होती, थोडी घसरली असेल. मग सैल होत गेली. भेग वाढत होती, ही लहान दाखवत होती. म्हणून रेघेवर रेघ. आज ही भेगेपेक्षा जास्त घसरली, म्हणून आखडली."

तेव्हा कळलं. आमच्या डोक्यावर, त्या छतापलीकडे, माझी भिंगरी झोपली होती.

काकांनी गळ्यातला पट्टा काढून मला दिला. खिशातून फडक्यात गुंडाळलेली जुनी लेन्स काढली. ती ते खिशात घेऊन फिरतात हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. ती लावली, मान मागे टाकली, तोंडातून एकदा 'आई गं' निघालं, आणि बोटांनी तो पितळी गोल फिरवला. वरून धप् असा एक आवाज आला. कुणीतरी लहान झोपेत कूस बदलून पाय आपटला असावा. चिमूटभर चुना दिव्याच्या उजेडातून खाली आला आणि माझ्या हातावर बसला.

खट्.

फोटो छापायचं यंत्र काकांच्या मागच्या खोलीत. बैठकीच्या खोलीतून न जाता आम्ही मागच्या दाराने, चप्पल हातात घेऊन गेलो. पाय टाकायचीच भीती वाटत होती. यंत्र आपलं निवांत, एक एक पट्टी छापत होतं. घड्याळात तीनला दहा कमी होते. साडेतीनला गाणं लागणार होतं.

कागद बाहेर आला. काकांनी पारदर्शक कागद त्यावर ठेवला. एका टोकाला रेघ ठिपक्यावर होती. दुसऱ्या टोकाला ती लाल ठिपक्याच्या पुढे गेली होती, बोटभर. कागदावर बोटभर म्हणजे छतावर चांगली चार-पाच बोटं. आणि गेली होती ती कपाटाच्या दिशेने.

"काकूंना सांगतो," मी म्हटलं आणि बाहेरून वळसा घालून पुढच्या दाराशी गेलो.

काकू बैठकीच्या दारात खुर्ची टाकून उन्हात लहान लहान मोज्यांच्या जोड्या लावत होत्या. मागे अंधार करून अकरा पोरं ओळीने झोपलेली.

"काकू, पोरं बाहेर काढा. आत्ता. जमीन खचतेय."

"हळू बोल रे. उठतील."

"काकू, खरंच. भेग वाढलीय."

"मागच्या महिन्यात तू सांगितलंस लिफ्टमध्ये साप आहे."

"ती चेष्टा होती!"

"आणि ही?" ज्या मोज्याला जोड सापडत नव्हता, तो त्यांनी माझ्याकडे फेकला. "हे घे, हा शोध. रिकामटेकडा कुठला."

मी तोंड उघडलं, आणि माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे गंभीर आवाजच नाही. नऊ वर्षांत मी तो या घरात कधी वापरलाच नव्हता. माझं सगळं बोलणं चेष्टेच्या सुरात बाहेर पडत होतं. घामाने सदरा पाठीला चिकटला होता आणि तोंडातून जे निघत होतं ते ऐकून मलाही हसू आलं असतं. आणि मागे काका. चाळीस वर्षं रोज काही ना काही पडणार म्हणून सांगणारे काका. त्या बाईला इशारा द्यायला आम्ही दोघंच उरलो होतो.

"अहो, तुम्ही तरी आवरा याला," काकू काकांना म्हणाल्या.

काकांनी फोटो दाखवला नाही, लेन्स समजावून सांगितली नाही. ते काकूंच्या बाजूने आत गेले. भिंतीला हात लावून, कडेकडेने, पावलाला पाऊल जोडत कपाटाच्या बाजूच्या पहिल्या गादीपर्यंत पोचले. पट्टा नसलेली मान खाली घालून वाकले आणि झोपलेलं पोर पांघरुणासकट उचललं. तसेच कडेकडेने परत आले. दारातून बाहेर, पायऱ्या उतरून, रस्ता ओलांडून समोरच्या शिंप्याच्या दुकानात गेले. रस्त्याला हा माणूस एरवी तीनदा दोन्हीकडे बघतो. त्या दिवशी नुसता हात वर करून चालत गेला. एका मोटारीने कचकन ब्रेक लावला.

काकूंनी ते बघितलं. मांडीवरचे मोजे सगळे खाली पडले.

"मधून चालू नकोस," त्या मला म्हणाल्या. "कडेने ये."

अकरा पोरं आम्ही तिघांनी सात-आठ मिनिटांत बाहेर काढली. मला ती सात-आठ मिनिटं पावलापावलाने आठवतात. भिंगरी शेवटून तिसरी होती. मी आधी तिलाच उचलायला धावलो होतो, काकूंनी दंड धरून थांबवलं. "कपाटाकडची आधी." त्या वेळी मी त्यांचा हात झटकून टाकणार होतो. झटकला नाही, पण टाकणार होतो. मग एकेक परकं पोर नेताना मी मागे वळून माझ्या पोरीकडे बघत होतो. तिची पाळी आली आणि खांद्यावर घेतली तेव्हा ती अर्धवट जागी होऊन म्हणाली, "बाबा, गाणं झालं?"

"आज नाही गाणं."

"का?"

मी तिचं डोकं खांद्यावर दाबलं आणि कडेकडेने निघालो.

शिंप्याच्या दुकानात कापडाच्या गठ्ठ्यांवर पोरं मांडून ठेवली. शिंपी म्हणाला, "मापं घ्यायची का सगळ्यांची?" कुणी हसलं नाही, मग तोही घाबरला.

चिटणीस आले ते फणफणत. "भेगोबांनी घातलेला घोळ ना? चार महिने तुम्हीच ठीक आहे म्हणत होतात!" काका म्हणाले, "म्हणत होतो." एवढंच. इंजिनिअरबाईंना फोन गेला, त्या पाचच्या आत पोचल्या. शिडीवर चढून त्यांनी भेगेच्या पुढच्या टोकाला लहान हातोडी लावली. मारली नाही, लावली. दाराएवढा गिलावा सुटून खाली आला आणि माझ्या दुचाकीचा आरसा घेऊन गेला. आत सळया होत्या म्हणायला. बोटाने चोळलं की पापुद्रे निघत होते. बाई शिडीवरून खाली उतरल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या, "वर कोण आहे?"

"आता कुणी नाही," काकू म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत लोखंडी टेकू लागले. मी बाईंना विचारलं, "आज पडलं असतं का?"

"ते मला विचारू नका."

"अंदाजे?"

"कपाट, पोरांच्या उड्या..." त्या थांबल्या. "कदाचित आज. कदाचित तीन वर्षांनी. खरंच विचारू नका."

हे उत्तर मला अजून पचलेलं नाही. पडलं असतं तर रडलो असतो, पडणारच नव्हतं तर हसलो असतो. दोन्ही नाही. दोन पालकांनी काकांवर ठपका ठेवला, की उगाच पोरांना उन्हातून नेलं. तिघांनी ठपका ठेवला, की चार महिने काय करत होतात. दुसऱ्या ठपक्याला काका मान डोलावतात.

काकांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. ऐकून ती रडकुंडीला आली. "बाबा, अशा लेन्सा वर केल्या की घसरतात. त्यावर रबरबँड लावायचा असतो. सगळ्यांना माहीत आहे हे."

"सगळ्यांना," काका म्हणाले आणि फोन काकूंकडे दिला. मग बराच वेळ ते नवी लेन्स वर धरून, तिची नळी आत जाताना बघत बसले. पुन्हा बाहेर काढायचे, पुन्हा वर धरायचे. रागाने नव्हे. मला वाटतं, आपण इतके दिवस निर्धास्त होतो ते नक्की कशावर, हे ते बघत होते.

दुरुस्तीला सात महिने लागणार म्हणून काकूंनी दोन गल्ल्या सोडून एक जागा बघितली. बैठं घर, खाली तळघर नाही, काही नाही, नुसती माती. हो म्हणण्याआधी त्या काकांना घेऊन गेल्या. इतकी वर्षं 'पुरे करा ते वर बघणं' म्हणणाऱ्या काकू स्वतः म्हणाल्या, "बघा हो नीट. घाई नाही." काका जुनी लेन्स लावून पावणेदोन तास आत होते. मी भिंगरीचा हात धरून अंगणात. ती हात ओढत होती, मी सोडत नव्हतो.

काका बाहेर आले. मान धरून.

"काय?" काकू.

"आज काही नाही."

"आणि उद्या?"

"उद्याचं उद्या बघून सांगेन."

पूर्वी या उत्तरावर काकूंनी त्यांना धारेवर धरलं असतं. आता त्यांनी नुसती मान डोलावली आणि दार पूर्ण उघडलं. माझी पकड कधी सैल झाली मला कळलं नाही. भिंगरी सुटली, उंबऱ्यावर चढली आणि दोन्ही पाय जोडून आत धाडकन उडी मारली.

खाली नुसती माती आहे हे तिघांनाही माहीत होतं. तरी काकू, काका आणि मी, तिघांनीही एकदम खाली बघितलं.